चुकलेली पाळी

संगणकावरच्या खेळांविषयी माझी मतं ठाम आहेत, आणि ती बदलतील अशी शक्यता आता फारशी उरलेली नाही. ज्या खेळात समोरचा तुमचा विचार संपेपर्यंत थांबतो, तोच खरा डावपेचांचा खेळ. बाकी सगळा बोटांचा व्यायाम. प्रयोगशाळेतले माझे सहकारी यावर हसतात. संध्याकाळी ते कानांवर हेडफोन चढवून सैन्यं पळवतात, आणि मी एका जुनाट खेळातल्या चौकोनी जमिनीकडे बघत, पुढे काय करावं याचा विचार करताना चहा गार करते. हे मत मी कुठून वाचून उचललेलं नाही. वाशीम शहराला लागून असलेल्या आमच्या भाजीपाल्याच्या मळ्यात, घराच्या ओसरीवर, वांग्यांच्या क्रेटशेजारी ते तयार झालं, आणि त्यात माझ्या बुद्धीपेक्षा विजेचा वाटा मोठा होता.

संगणक आला तो मामामुळे. हिंगोलीतला त्याचा सायबर कॅफे बंद पडला तेव्हा त्यातलं एक यंत्र त्याने बहिणीच्या घरी आणून ठेवलं. पोरगी सायन्सला आहे, कामाला येईल, एवढंच म्हणाला. कॅफेच्या गिऱ्हाइकांनी मागे सोडलेले जुने खेळ त्यात तसेच होते. त्यांची इंग्रजी नावं आमच्या घरात कधी रुजली नाहीत. एक होता ‘राज्याचा’. त्यात ओसाड जमिनीवर उतरलेल्या एका टोळीपासून सुरुवात करून गावं वसवायची, शेती करायची, सैन्य उभारायचं आणि शेजाऱ्याला नमवायचं. दुसरा ‘भुयाराचा’. त्यात चारसहा जणांची तुकडी घेऊन अंधाऱ्या वाटांनी हिंडायचं, माणसांशी बोलायचं, राक्षसांशी लढायचं. तिसरा ‘धावपळीचा’. त्यात सगळं एकाच वेळी घडत असे आणि ज्याचा हात जलद तो जिंके. हा तिसरा खेळ आमच्याकडे टिकणं शक्यच नव्हतं. ऐन लढाईत लाइन जाई. यूपीएस काकुळतीला येऊन टींटीं करत क्षणभर तग धरी आणि मान टाकी. दिवे परत येत तेव्हा सैन्य कुठे आणि मी कुठे. राज्याच्या खेळात मात्र प्रत्येक फेरी संपली की सगळं नोंदलं जाई. वीज गेली तर गेली, शत्रूही आपल्याइतकाच अंधारात बसलेला असे. हा समान न्याय मला फार आवडला. पुढे पदवीच्या अभ्यासात निरीक्षण करताना घाई करू नये असं सरांनी शिकवलं, तेव्हा मला त्यात नवीन काही वाटलं नाही.

भुयाराच्या खेळाचं वेगळं ऋण आहे. त्यात नकाशा नव्हता. आजच्या खेळांत ज्याच्याकडे जायचं त्याच्या डोक्यावर खूण चमकते आणि जमिनीवर सोनेरी रेघ उमटते. खेळाडूने फक्त रेघेवरून चालायचं. याला प्रवास म्हणत नाहीत, याला हमाली म्हणतात. आमच्या जुन्या खेळात गावातल्या माणसाला विचारावं लागे, तो अर्धंच सांगे, उरलेलं दुसऱ्याला विचारावं लागे. माझी मावशी किन्हीराजाला असते. तिच्या शेतावर पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा वाटेतल्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं, ‘‘त्या कडुलिंबापास्नं वळ, मंग इचार.’’ जुन्या खेळांची सगळी गंमत या शेवटच्या दोन शब्दांत आहे असं माझं मत आहे. त्या खेळाबद्दल तक्रारही आहे. तुकडीतली बाई नेहमी औषधपाणी करणारी आणि तिचं चिलखत सगळ्यांत पातळ. मी तिच्या हाती कुऱ्हाड दिली तर ती पहिल्याच वळणावर मेली. खेळ बनवणाऱ्याने तिच्या अंगात बळच घातलेलं नव्हतं. मग मला ती निवड करू देण्याचं नाटक कशाला?

राज्याच्या खेळावरची सर्वांत नेमकी टीका आईची. ती भाजी निवडत पडद्याकडे अधूनमधून बघे. एका चौकोनात गहू लावला की तो दर फेरीला पिकतोच, ना कीड, ना ढगाळी, हे तिने दोन दिवसांत हेरलं. ‘‘साऱ्या गावाईनं गहूच पेरला,’’ ती म्हणाली, ‘‘मंग भाजी कायची खातेत हे लोकं?’’ मी म्हटलं, खेळात भाजी नाही. ‘‘भाजी नाई अन म्हने राज्य!’’ असं म्हणून तिने भेंडीचं देठ ताडकन मोडलं. त्यानंतर असे खेळ मी पुष्कळ पाहिले, अतिशय गुंतागुंतीचे पाहिले. भाजी अजून कोणी आणलेली नाही.

राज्याच्या खेळात माझा प्रतिस्पर्धी होता गजू. शेजारच्या मळ्यातल्या भीमरावकाकांचा हा मुलगा माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा. शिक्षण बारावीला थांबवून त्याने टेम्पो घेतला होता, आणि दोन्ही मळ्यांचा माल तोच बाजारात नेई. दर वर्षी मी त्याला राखी बांधत असे. आमच्या दोन मळ्यांच्या मधोमध एकच विहीर होती, आजोबांच्या काळापासून सामाईक. तीन दिवस आमची पाळी, तीन दिवस त्यांची. पाळी म्हणजे पाण्याची पाळी. आपल्या पाळीत लाइन आली नाही, मोटार बिघडली, घरात लग्न निघालं, काहीही झालं तरी दिवस संपले की पाळी संपली. चुकलेली पाळी मागे मिळत नाही. या एका नियमावर दोन घरं भांडल्यावाचून नांदत होती. गजूने आणि मी खेळालाही तोच नियम लावला. विहिरीवर ज्याची पाळी, संगणकावरही त्याचीच. त्या तीन दिवसांत ओसरीवर येऊन आपली एक फेरी खेळायची. नाही खेळली तर दुसऱ्याने ती तशीच संपवून टाकायची. एक राज्य उभं राहून बुडायला अशाने अख्खा हंगाम लागे. मोटारीची घरघर चालू असली की गजूने ओळखायचं, आज शुभीचे, म्हणजे माझे, सैनिक हलणार. मोटारीवरून राज्यकारभार ओळखता येईल असा दुसरा खेळ मला माहीत नाही.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. पुण्याच्या एका संस्थेच्या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेत मी निवडली गेले होते आणि आठवड्याभरात होकार कळवायचा होता. बाबांचं मत पडत नव्हतं. विरोध असा नव्हता. पण होकारही नव्हता. पुणं दूर, ओळखीचं कोणी नाही, अकोला-अमरावती काय वाईट, असं चाललं होतं. मी ठरवून टाकलं होतं की मला जायचंच आहे, आणि आमच्या घरात माझ्या ठरवण्याला मुद्दा म्हणून मान होता, निर्णय म्हणून नव्हता. म्हणून मी शोभाआत्याला बोलावून घेतलं. बाबांची ही धाकटी बहीण लग्नानंतर अकोल्याला गेली होती, तिला तिथे तीसेक वर्षं झाली होती, आणि बाबा घाबरत असतील तर फक्त तिला. ती आली ती पिशवी खाली ठेवायच्या आधी भांडायला लागली. ‘‘दादा, पोरगी हुशार हाय, तुह्या नशिबानं हाय. अन तू तिले भेंडी तोडाले ठेवतं का?’’ आईने त्या दिवशी वांग्याचं भरीत, भाकरी आणि सांबारवडी केली होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि पाहुणा लाडका असेल तरच तिची वडी होते. आत्या एकेक वडी उचलत बाबांचा एकेक मुद्दा मोडत होती. रात्री झोपताना मला वाटलं, सत्तर टक्के काम झालं.

त्याच सुमारास प्रात्यक्षिक परीक्षा होती. तीन दिवस मी वाशीममध्ये मैत्रिणीकडेच राहून अभ्यास केला होता. आईने तेवढ्यासाठी संगणकावर जुनं लुगडं टाकून फर्मान काढलं होतं की सगळी परीक्षा संपेपर्यंत मी त्याला हात लावायचा नाही; गजूला बंदी नव्हती. परत आले, आत्या आली, जेवणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घर शांत असताना मी हळूच लुगडं बाजूला केलं. पाहते तो गजूने नियमाप्रमाणे माझी फेरी रिकामी संपवली होती आणि मग स्वतःच्या पाळीत सगळं सैन्य आणून माझ्या राजधानीला वेढा घातला होता. राजधानीचं नाव मी मावशीच्या गावावरून किन्हीराजा ठेवलं होतं. तटाशी एक म्हातारा भालाईत उभा होता, बस. गजू हे करून टेम्पोभर टमाटे आणि मिरची घेऊन पोहरादेवीच्या यात्रेला निघून गेला होता. मी तिथूनच त्याला फोन लावला. त्या फोनवरचं माझं बोलणं मला शब्दशः आठवतं, कारण पुढे ते मला पुन्हापुन्हा म्हणून दाखवावं लागलं.

‘‘अरे, माही पाळी चुकली ना! परीक्षेच्या गडबडीत ध्यानातच नाई राह्यलं... हसून काय राह्यला? तुह्यामुळंच झालं ना हे सारं... नाई, घरी कोनालेच मालूम नाई. आईले सांगशीन तं पाय मंग... आता काई करता येते का? मांगं जाता येत नाई का? ...बरं, तू आल्यावर पाहू. पन लवकर ये. मले तं कायी सुचून नाई राह्यलं.’’

फोन ठेवून वळले तेव्हा आत्या दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या होता. ‘‘कोन होतं वं?’’ तिने विचारलं. ‘‘कोनी नाई,’’ मी म्हटलं आणि घाईने लुगडं परत ओढलं. संगणक झाकण्याची ती घाई तिने कशी वाचली असेल याची मला आज कल्पना येते.

पुढच्या सकाळपासून घराचं हवामान बदललं. आत्या बाबांना म्हणाली, ‘‘दादा, पुन्याचं जरा थांबव. घाई कायले?’’ बाबा भाकरी मोडता मोडता थांबले. ‘‘आता गं? परवा तं तू माह्यासंग भांडून राह्यली होती.’’ ‘‘परवा परवा होतं,’’ आत्या म्हणाली आणि आत निघून गेली. मी सुन्न झाले. माझा एकुलता एक वकील प्रतिपक्षाला जाऊन मिळाला होता आणि कारण कोणी सांगत नव्हतं. शिक्षणाने मला एक सवय लावली आहे: कारण कळत नसेल तर नोंदी गोळा करायच्या. मी त्या केल्या. आई माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. नाश्त्याला पपई आली, दुपारी पपई आली, संध्याकाळी बाबांना खोबऱ्याची वडी आणि मला पपई. भर उन्हाळ्यात तीळ-गुळाचा काढा समोर आला. ‘‘उन्हाळ्यात तीळ?’’ मी विचारलं. ‘‘पी म्हनलं तं पी,’’ आई म्हणाली. आत्या दर तासाला विचारत होती, मळमळतं का, चक्कर येते का. मला आधी कावीळ झाली असावी असं वाटलं. आरशात डोळे पाहिले. पण कावीळ असती तर पपईऐवजी उसाचा रस आला असता. ते अनुमान मी खोडलं. खरं अनुमान माझ्या डोक्यात आलंच नाही, कारण ज्या गोष्टीची शक्यता शून्य असल्याचं मला स्वतःला ठाऊक होतं, तिचा विचार मी कशाला करणार होते?

तिसऱ्या दिवशी बाबा बाजारात गेल्यावर त्या दोघींनी मला ओसरीवर मधोमध बसवलं. सांबाराच्या जुड्या बांधायचं काम चालू होतं. तिघींच्या बोटांना त्याचा वास लागलेला. आत्याने घसा साफ केला.

‘‘शुभे, खरं सांग. मी ओरडत नाई. कोन हाय तो?’’

‘‘कोन?’’

‘‘त्या दिवशी फोनवर होता तो.’’

लपवण्यात आता अर्थ नव्हता. ‘‘गजू,’’ मी म्हटलं.

आईच्या हातातली सुतळी गळून पडली. ‘‘आपला गजू? भीमरावभाऊचा?’’

‘‘दुसरा कोन्ता गजू हाय?’’

‘‘अवो माय!’’ आत्याने कपाळावर हात मारला. ‘‘राखी बांधतं ना तू त्याले!’’

‘‘मंग राखी बांधली म्हनून काय झालं? त्यात काय नियम हाय का?’’

आईने अगदी बारीक आवाजात विचारलं, ‘‘कवापास्नं चालू हाय हे?’’

‘‘दिवाळीपास्नं.’’ चालू डाव दिवाळीतच मांडला होता. ‘‘अन आई, तू तं असं करून राह्यली जसं तुले मालूमच नाई. इथंच तं बसतो ना आमी, ओसरीवर. तुह्या डोळ्यापुढं. तू भाजी निवडत राह्यतं.’’

आईचा चेहरा पांढरा पडला होता. परीक्षेच्या दिवसांत खेळाचा विचार केला यावरून ही एवढी कोसळते, हे मला अतिशय अन्यायाचं वाटलं. मी चिडले. ‘‘परीक्षेत बंदच ठेवलं होतं मी, तुही शप्पथ. म्हनून तं पाळी चुकली! अन पुन्याले गेल्यावर आपोआपच बंद होनार हाय, मंग एवढा तमाशा कायले?’’

आत्याने आईला धरलं. नेमका त्याच वेळी विहिरीकडून टेम्पोचा हॉर्न वाजला. गजू पोहरादेवीहून परत आला होता, डोक्यापासून पायापर्यंत फुफाट्याने माखलेला, हातात प्रसादाची पुडी. आई जागची उठली ती तडक त्याच्याकडे निघाली. मागे आत्या, आत्याच्या मागे मी. आईला कोणावर आवाज चढवताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

‘‘काकू, परसाद आनला,’’ गजू म्हणाला.

‘‘ठेव तिकडं तुहा परसाद! काय केलं रे तू माह्या पोरीचं?’’

गजूने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत सरळसरळ तिरस्कार होता. ‘‘सांगतलं का हिनं? मले म्हने सांगू नको अन सोता चुगली करते. काकू, देवीच्या दारातून येऊन राह्यलो, खोटं नाई बोलनार. माही काईच चूक नाई. पाळी तिची चुकली, त्याले मी काय करू?’’

‘‘लाज नाई वाटत बोलाले?’’ आत्या किंचाळली.

‘‘लाज कायची, आत्या? तुमीच सांगा. विहिरीवर पाळी चुकली तं पानी मांगं भेटते का? मीच येतो का मांगाले? उन्हाळ्यात आमची दोनदा चुकली, बाबा एक शब्द बोलले का? मंग खेळातच काहून मांगं भेटन?’’

आई उभीच राहिली. तिचं बोट गजूवर रोखलेलं होतं ते तसंच हवेत राहिलं. मग तिने विहिरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गेले तीन दिवस त्या घरात कोणीच न विचारलेला प्रश्न विचारला.

‘‘कोन्ती पाळी?’’

‘‘खेळाची, काकू. त्या राज्याच्या खेळाची. हिचं किन्हीराजा घेरलं म्या, म्हनून फोनवर रडून राह्यली होती.’’

आई धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच, मटकन बसली. पदर तोंडावर घेतला, आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते. ती हसत होती. असं हसत होती की श्वास अडकावा. आत्या विहिरीच्या कठड्याला धरून ‘‘देवा रे, देवा रे’’ म्हणत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात सगळ्या नोंदी एका ओळीत उभ्या राहिल्या, पपईपासून राखीपर्यंत, आणि माझे कान तापून लाल झाले. मी ओसरीवर काय काय बोलले होते ते एकेक वाक्य परत ऐकू यायला लागलं. गजू एकटा बघत राहिला. ‘‘काय झालं? कायले हसता?’’ त्याने विचारलं. ‘‘काई नाई रे बापा,’’ आई डोळे पुसत म्हणाली, ‘‘हातपाय धू, जेवून जा.’’ त्याला त्या दिवशी भरीत, सांबारवडी आणि एक संपूर्ण पपई मिळाली. एवढा पाहुणचार कशासाठी हे त्याला कोणी सांगितलं नाही. हे प्रकरण त्याच्या वाचनात आलं तर त्याला ते आज कळेल.

यावर मी पुढे पुष्कळ विचार केला आहे. आत्या तीस वर्षं नळाच्या पाण्यावर राहिली. तिच्या कानाला पाळीचा एकच अर्थ उरला होता, हे समजण्यासारखं आहे. पण आई? तिचा अर्धा जन्म विहिरीच्या पाळ्या मोजण्यात गेला. तिला कसं कळलं नाही? याचं उत्तर मला त्याच दुपारी मिळालं. आत्याने आईला माझं वाक्य सांगितलंच नव्हतं. ‘वहिनी, पोरीले दिवस गेलेत,’ एवढंच सांगितलं होतं. आईपर्यंत निष्कर्ष पोहोचला होता. निरीक्षण वाटेतच गळलं होतं, आणि ओसरीवर तिने माझ्या तोंडून ‘पाळी’ ऐकली तोवर निष्कर्ष पक्का होऊन बसला होता. ‘‘ती काय बोलली ते तं सांगा लागत होतं, ताई,’’ आई म्हणाली. ‘‘एवढं एक वाक्य सांगतलं असतं तं मी तिथंच हसली असतो.’’ आज माझ्या हाताखाली मुलं काम करतात. त्यांनी मला अनुमान आणून दिलं की मी आधी मूळ आकडे मागते, आणि ती मला किरकिरी समजतात. समजू देत.

आत्या मात्र हसली नाही. सुटका तिलाही झाली होती, ते तिच्या बसण्यावरून दिसत होतं. पण ती पाठ भिंतीला टेकून उरलेल्या सांबाराच्या जुड्या बांधत राहिली. बाबा बाजारातून आले, हातपाय धुऊन पानावर बसले. आई वाढत होती, मी पाणी भरत होते. माझा होकार कळवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि तीन दिवसांपूर्वी मिळवलेलं सगळं घालवून मी पहिल्या जागी आले होते.

‘‘दादा,’’ आत्या म्हणाली, ‘‘पोरीले पाठव पुन्याले.’’

बाबांनी घास खाली ठेवला. ‘‘शोभे, तू मले येडा समजते का? परवा पाठव, काल नको, आज पाठव. नेमकं झालं काय तं सांग.’’

आईचा हात भाताच्या पातेल्यात थांबला. नेमकं काय झालं ते बाबांना सांगण्यासारखं नव्हतं, हे आम्हा तिघींना कळत होतं. आत्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि भलतंच काहीतरी सुरू केलं.

‘‘अकरावीले होतो मी. सायन्सलेच. वाशीमच्या स्टँडवर एक पोट्टा माह्यासंग बोलला, अन तू सायकलवरून जाताना पाह्यलं. याद हाय?’’

‘‘जुन्या गोष्टी कायले काढते?’’

‘‘तू घरी येऊन आपल्या बाबाले सांगतलं, शोभी पोट्ट्यासंग बोलून राह्यली होती. त्या उन्हाळ्यात माहं लगन झालं.’’ तिचा आवाज चढला नव्हता. ती एखादा हिशेब नव्हे, हवापाणी सांगावं तशी सांगत होती. ‘‘तो इंझोरीची गाडी कोन्ती, एवढंच इचारून राह्यला होता, दादा. म्या सांगतलं, ते लाल पाटीची. बस. तुमी कोनी मले इचारलं नाई, का तो काय बोलला म्हनून. मंग मी बी कोनाले सांगतलं नाई. आज तुले सांगून राह्यलो.’’

बाबांचं लक्ष ताटाकडे होतं.

‘‘अन हिनं काय केलं?’’ त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

‘‘हिनं काईच नाई केलं. म्याच कायतरी अर्धं ऐकलं, अन तुह्यासारखी पळत सुटली होती सांगाले. आता पूर्न ऐकलं.’’

बाबांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला, तो बराच वेळ तसाच धरून ठेवला. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होते आणि खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी तो तुकडा खाल्ला, वाटी पुढे सरकवून आणखी वरण घेतलं, आणि मला म्हणाले, ‘‘त्या हॉस्टेलात गादी भेटते का, का आपली न्या लागते?’’

मी तोंड उघडायच्या आत आई चुलीपाशी उठून उभी राहिली होती.

‘‘आपलीच न्यायची,’’ ती म्हणाली. ‘‘घरचा कापूस हाय. मी आत्ताच उन्हात टाकतो.’’